पहिल्या नंबरचा तालुका

"आंबवड्यात एका शिक्षकामागे चौदा मुलं आहेत," जयवंतराव म्हणाले.

"आणि एका मुलामागे डोंगर किती?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. जेवणाच्या टेबलावर चादरीएवढे कागद पसरले होते आणि माझी कोशिंबिरीची वाटी एका कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसली होती. कागद जिल्हा परिषदेतून आले होते, माहितीच्या अधिकाराखाली. लोक त्या अधिकाराखाली रस्त्यांचे घोटाळे काढतात; माझ्या नवऱ्याने मुलीला कुठल्या शाळेत घालावं ते काढलं होतं.

नवऱ्याला मी एरवी 'अहो' म्हणते. रागात असले की मनातल्या मनात जयवंतराव म्हणते, आणि ह्या गोष्टीत मी बहुतेक वेळ रागातच आहे, तेव्हा इथे ते जयवंतरावच. हे सहकार खात्यात लेखापरीक्षक. पतसंस्थांच्या वह्या तपासणं हे काम. कुठल्याही संस्थेने मांडलेल्या कुठल्याही आकड्यावर ह्यांचा विश्वास नाही. एका सोसायटीच्या सभेतल्या चहाच्या कपांवरून ह्यांनी तिचा सगळा कारभार उघडा पाडला होता. पण शिक्षण खात्याचा आकडा म्हटलं की ते हात जोडायचेच बाकी. मास्तर खोटं लिहीत नाहीत, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. वडील मास्तर होते.

तर त्या वर्षी बदली ठरली होती, आणि कधी नव्हे ते खात्याने विचारलं होतं की जिल्ह्यातले कुठले तीन तालुके हवेत ते पसंतीक्रमाने लिहून द्या. सोमवारपर्यंत. बाकीच्यांनी सासुरवाड जवळ कुठली ते बघून लिहिलं. जयवंतरावांनी तालुकावार तक्ता केला. पट, उपस्थिती, गळती, शिक्षकांचं प्रमाण, शाळेला भिंत आहे का, भिंतीला शाळा आहे का. प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज, बेरजेला लाल शाई. माझं स्थळसुद्धा त्यांनी असाच तक्ता करून निवडलं असावं असा मला जुना संशय आहे.

"अकरा तालुक्यांत आंबवडे पहिला," ते म्हणाले. "आणि आंबवड्यात रानवडीची सातवीपर्यंतची शाळा पहिली. उपस्थिती अठ्ठ्याण्णव टक्के. आपल्या शहरात ऐंशीसुद्धा नाही."

तालुक्याचं आणि गावाचं नाव मी बदललं आहे. तिथली माणसं अजून आहेत आणि चिडकी आहेत.

"केतकीला विचारलंत?" मी म्हटलं.

दोघांनीही केतकीकडे पाहिलं. ती वरणभात कालवत होती. वर न बघता तिने खांदे उडवले. तिच्या मानाने ते भाषणच होतं.

खरी गोष्ट ही होती. केतकी दहा वर्षांची, चौथीत. घरात बोलायची, पण ऐकायला जवळ जावं लागायचं. आणि शाळेत मुळीच नाही. शाळा शहरातली नामांकित, एका वर्गात सत्तरच्या वर मुलं. सहामाही परीक्षेत गणिताच्या प्रश्नपत्रिका कमी पडल्या आणि हिला मिळालीच नाही. ही कोरा पेपर समोर घेऊन तासभर गप्प बसून राहिली. बाईंना 'मला मिळाली नाही' एवढं म्हणता आलं नाही. शून्य मिळालं. पालकसभेत मी बाईंना भेटले, तर बाई म्हणाल्या, "केतकी ना? गोड गाते हो!" आणि त्यांनी दुसऱ्याच एका मुलीला पुढे ओढलं. माझी केतकी शेजारीच उभी होती. तिने बाईंची चूकही सुधारली नाही. घरी येताना मी रिक्षात रडले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

त्यामुळे मला तालुका कुठलाही चालला असता. मला एवढंच हवं होतं की पोरीने चारचौघांत एकदा तोंड उघडावं. त्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

शुक्रवारी रजा टाकून आम्ही निघालो. घाटातला रस्ता वाईट म्हणून जयवंतरावांनी मित्राची जीप घेतली, पांढरी, चालकासकट. स्वतः करडा सफारी घातला, बगलेत लाल फितीची फाईल. मी म्हटलं, अहो, आपण पोरीची शाळा बघायला चाललोय, जप्तीला नाही. पण बाहेर पडताना खिशाला दोन पेनं नसली तर ह्या माणसाला उघडं वाटतं.

आधी तालुक्याच्या गावात एक भाड्याचं घर बघायचं होतं. घराला कुलूप. शेजारच्या आजी ओट्यावर वाल सोलत होत्या.

"ते व्हय? ते ऱ्हात न्हाईत हितं," त्या म्हणाल्या. "पोरांच्या शाळेपायी शहरात गेलं. शिवप्रसाद कॉलनीत."

शिवप्रसाद कॉलनीत आम्ही राहत होतो. मी जयवंतरावांकडे पाहिलं. ते फाईल चाळायला लागले.

"हितली लई माणसं तिकडंच हाईत आता," आजी म्हणाल्या. "हितं शाळंत पोरं ऱ्हायलीतच कुटं?"

"म्हणून एका शिक्षकामागे चौदा," मी जीपमध्ये बसताना म्हटलं.

"कारण काही का असेना," जयवंतराव म्हणाले, "प्रमाण चांगलं आहे."

रानवडी तिथून पुढे अर्ध्या तासावर. पाराजवळ एक माणूस म्हशीला पाणी पाजत होता. जयवंतरावांनी जीप थांबवली, काच खाली केली आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम विचारलं, "इथल्या शाळेचा पट किती आहे हो?"

माणसाने आधी जीपकडे पाहिलं, मग सफारीकडे, मग लाल फितीकडे.

"बगून सांगतू साहेब," तो म्हणाला आणि म्हैस तिथेच सोडून पळाला.

आम्हाला वाटलं, काय तत्पर माणसं आहेत. आता कळतं, पण तेव्हा कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. त्या वर्षी शाळाशाळांतून पटपडताळणी चालली होती. पटावर नाव आहे आणि बाकावर मूल नाही, असं सापडलं की शिक्षक कमी व्हायचा, फारच कमी सापडली तर शाळाच बंद. तपासणीचे साहेब न कळवता यायचे. पांढऱ्या जीपमधून.

पाच मिनिटांत सरपंच आले, टोपी सारखी करत. बाजीराव शेलार. उंचेपुरे, पण जयवंतरावांसमोर निम्मे होऊन उभे राहिले.

"साहेब, येनार म्हून कळवायचं तरी. चला, आधी च्या घ्या."

"चहा नको. आम्ही शाळा बघायला आलोय."

"बगा की! साळा कुटं पळून चाललीया? पन च्या झाल्याबिगर कसं?"

"हे बघा, मी खाजगी कामासाठी आलोय," जयवंतराव म्हणाले.

सरपंचांनी डोळा बारीक केला. "व्हय व्हय. खाजगीच की. सगळं खाजगीच ठिवू आपन."

केतकी माझी ओढणी ओढून कानात म्हणाली, मी शाळेच्या झाडाखाली बसू? शाळा समोरच दिसत होती, कौलारू, पुढे मोठं उंबराचं झाड. मी म्हटलं बस. ती गेली आणि आम्ही सरपंचांच्या घरी सतरंजीवर बसलो.

तो चहा मी जन्मात विसरणार नाही. आधी दूध तापत होतं. मग म्हणे साखर संपली, साखर आली तर चूल विझली. सरपंच मध्येमध्ये आत जाऊन येत, आणि दर वेळी त्यांना जास्त घाम आलेला असे. जयवंतराव त्यांना विचारत होते, गळतीचं प्रमाण शून्य कसं राखलंत? सरपंच म्हणत, औंदा कौलं नवीन घातली साहेब, गळती कसली हुतीया. जयवंतरावांनी तेही लिहून घेतलं.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. खिडकीतून मला ट्रॉली दिसली. ट्रॉलीत उभी दाटीवाटीने पोरं, एकमेकांना धरून.

"हे काय?" मी विचारलं.

"नांगरट चाललीया," सरपंच म्हणाले.

"एवढी मुलं घेऊन?"

"पोरास्नी लई नाद हाय नांगरटीचा."

मला काही ते पटलं नाही. केतकीला बघून येते म्हणून मी उठले. उंबराखाली केतकी नव्हती. शाळेच्या मागच्या अंगाला खिचडी शिजवायची पत्र्याची खोली होती, तिथून गलका येत होता. मी कोपऱ्यावरून डोकावले.

ट्रॉलीतून उतरलेली पोरं ओळीने उभी होती. पल्याडच्या वाडीची, हे मला मागून कळलं. वाडीची शाळा वेगळी, तिथे त्या दिवशी यात्रेची सुट्टी. उसनी साखर आणावी तशी पोरं आणली होती. ह्याच्या बदल्यात रानवडीची पोरं त्यांच्याकडे तपासणी आली की जायची. दोन्ही गावांत सोयरिकीपेक्षा पक्कं असं ते देणंघेणं होतं. ओळीपुढे खिचडी करणारी पारूबाई, एका हातात खोबरेल तेलाची बाटली, दुसऱ्यात फणी. एकेकाला धरायचं, टाळूवर तेल थापायचं, भांग पाडायचा, ढिगातला एक गणवेश अंगावर चढवायचा आणि नाव द्यायचं.

"तू संतोष. काय?"

"संतोष."

"तू पिंटू. वर बग. शेंबूड पूस. तू काजल. काजल कोंडीबा ढेबे. काय?"

"काजल."

"खाल्ल्या मानंनं नगं! सायेबाला ऐकू गेलं पायजेल. काय?"

"काजल!"

ती केतकी होती. निळं परकर-पोलकं, तेलाने चप्प डोकं, दोन वेण्यांना लाल रिबिनी. झाडाखाली एक पोरगी दिसली, वाडीचीच असणार म्हणून पारूबाईने तिलाही दंडाला धरून ओळीत उभं केलं होतं. आणि माझी लेक कुणाला नाही म्हणायची नाही.

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी केतकीने मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

दहा वर्षांत त्या मुलीने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, आणि तिच्याजवळ लपवण्यासारखं काही आहे हेही मला माहीत नव्हतं. आता तिचे डोळे नुसते लकाकत होते. मी तोंड मिटलं.

पारूबाईने मागे वळून पाहिलं आणि फणी पाठीमागे लपवली. "बाई, तुमी सायबासंगट न्हवं? जावा, च्या निवतुय."

चहा खरंच आला होता. तो पिऊन आम्ही सगळे शाळेत गेलो. संकपाळ गुरुजी दारात उभे होते, पन्नाशीचे, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. वर्ग खच्चून भरलेला. तेलाचा वास असा की कुणी काडी ओढली असती तर शाळा पेटली असती.

"पट पूर्ण आहे साहेब," गुरुजी म्हणाले. "हजेरी घेता?"

जयवंतराव खरं म्हणजे तिथेच सांगू शकले असते की अहो, माझा तुमच्या हजेरीशी काय संबंध. पण मधुमेही माणसापुढे कुणी पेढ्यांचं ताट धरावं तसं झालं. समोर उघडा हजेरीपट. आयुष्यभर ज्यांनी रकान्यांवर प्रेम केलं ते काय नाही म्हणणार? त्यांनी खुर्ची ओढली, फाईलमधला कोरा कागद काढला आणि नावं पुकारायला सुरुवात केली.

"संतोष धोंडू कोकरे."

"हजर!"

"पांडुरंग बाबू शेलार."

"हजर!"

सात-आठ नावं बरी गेली. मग एका पोराने दुसऱ्यांदा हजेरी दिली, ह्या खेपेला आवाज बारीक काढून. जयवंतरावांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. चहाच्या कपांकडे त्यांनी असंच पाहिलं असणार. पुढच्या नावाला कुणीच ओ दिली नाही, मग मागच्या बाकावर कुणीतरी कुणाला चिमटा काढला आणि 'हजर' आलं. जयवंतरावांनी कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या नावाला आणखी एक. सरपंच भिंतीला टेकले. संकपाळ गुरुजींनी हातातल्या खडूचे दोन तुकडे केले, मग चार.

मी मागे दारात उभी. मला सगळं समजलं होतं, आणि समजलं होतं की आता जयवंतरावांनाही समजतंय. हा माणूस सोडणार नाही. आम्ही शाळा शोधायला आलो आणि एक शाळा बुडवून जाणार.

"काजल कोंडीबा ढेबे."

"हजर, गुरुजी!"

वर्गाची कौलं हलली असं मला वाटलं. सगळी पोरं वळून बघायला लागली. तिसऱ्या रांगेत ती ताठ उभी होती, हनुवटी वर, दोन्ही हात परकराला चिकटलेले.

जयवंतरावांनी वर पाहिलं. त्यांचा हात कागदावर होता तिथेच राहिला. बापलेक एकमेकांकडे बघत होते आणि वर्गात फक्त एक माशी बोलत होती. आता हे म्हणणार, केतकी, हे काय, इकडे ये. मी पदर तोंडात धरायला गेले, ओढणीच हाती आली, तीच धरली.

"काजल," जयवंतराव म्हणाले. "कितवीत आहेस तू?"

"चौथीत."

"रोज येतेस शाळेत?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "आज आले."

गुरुजींना ठसका लागला.

"आवडते का शाळा?"

"हो."

"का आवडते?"

"इथे मला सगळे नावानं हाक मारतात."

जयवंतरावांनी चष्मा काढला. रुमालाने बराच वेळ पुसला. सगळा वर्ग, सरपंच, गुरुजी, श्वास धरून त्या चष्म्याकडे बघत होते. मग त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, पेन उचललं आणि काजल कोंडीबा ढेबे ह्या नावापुढे बरोबरची खूण केली. त्यानंतर वर जाऊन सगळी प्रश्नचिन्हं एकेक करून खोडली.

"पट पूर्ण आहे," ते म्हणाले.

वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेली ती पहिली खोटी नोंद. ती सरकारी नव्हती, त्यांच्याच कागदावर होती, तरी माझ्यासाठी तिची किंमत मोठी होती. मला त्या माणसाचा एकदम इतका लळा आला की जाऊन सफारीची कॉलर नीट करावीशी वाटली. पण गावासमोर ते शोभलं नसतं.

पोरीला हळूच बाजूला घ्यायचं आणि निघायचं, असा आमचा डोळ्यांनी बेत ठरला. पण सरपंच कुठले सोडतात! जेवण तयार होतं. पडवीत पाट मांडलेले, कोंबड्याचा रस्सा, तांदळाच्या भाकरी. जयवंतरावांना हाताला धरून बसवलं. पोरं आता शाळेत खिचडी खातायत, तुमी निवांत जेवा, म्हणाले. दोन घास खातो आणि उठतो, असं म्हणून आम्ही बसलो.

संकपाळ गुरुजी जेवले नाहीत. जयवंतरावांच्या शेजारी येऊन उकिडवे बसले.

"साहेब, तुम्हाला कळलं ना?"

"कळलं."

"मग?"

"खरा पट किती?"

"आत्ता निम्मा," गुरुजी म्हणाले. "पण नावं खोटी नाहीत साहेब, शपथ घेतो. सगळी पोरं खरी आहेत. भात काढून झाला की माणसं मुंबईकडं जातात बांधकामावर, पोरं बरोबर नेतात. पेरणीला परत येतात. मी नावं काढली तर शाळा जाईल. मग जूनला परत आलेल्या पोरांनी कुठं जायचं? काजल येईल ना जूनमध्ये, खरी काजल. हुशार आहे हो. तिला मी काय सांगू, तुझं नाव काढलं?"

जयवंतराव भाकरी मोडायचे थांबले. मला वाटलं, गहिवरले असतील. ते पुटपुटले, "म्हणजे एका शिक्षकामागे सातच."

"काय म्हणालात साहेब?"

"काही नाही. प्रमाण आणखी चांगलं आहे."

तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला.

आधी मला काही वाटलं नाही. मग पारूबाईचा आवाज आला, "चला, समदी चढली का? चल गं काजल, चढ लवकर!" आणि माझ्या हातातली वाटी रश्श्यासकट खाली पडली.

"अहो! केतकी!"

आम्ही अंगणात आलो तोवर ट्रॉली शाळेवरून वळून वाडीच्या उताराला लागली होती. धुरळ्यात पंधरा-वीस तेलकट डोकी, त्यांत लाल रिबिनी पाचसात जणींच्या. जयवंतराव धावले. लग्नात वरातीला उशीर होत होता तेव्हाही हा माणूस धावला नव्हता. खरकटा हात, बगलेत फाईल, आणि फाईलमधून अकरा तालुके एकेक करून रस्त्यावर पडत होते.

त्यांच्यामागे सरपंच धावले. त्यांना वाटलं, साहेबांचं मन फिरलं, पुरावा पकडायला चालले. त्यांनी जयवंतरावांची बाही धरली.

"जाऊ द्या साहेब! पोरं घरला चाललीत!"

"सोडा! माझी मुलगी आहे त्यात!"

"कोन?"

"काजल!"

सरपंच जागच्या जागी थांबले. "काजल? साहेब, काजल कोंड्या ढेब्याची हाय! तुमची कशी आसंल?"

पारावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या गोंधळातही मला लाज वाटली, वर संतापही आला, आणि मी ओरडले, "बघताय काय, ट्रॅक्टर थांबवा!" पण ट्रॅक्टरवाला काय ऐकतो? इंजिनाची धडधड, वर ट्रॉलीतली पोरं सुटल्याच्या आनंदात बोंबलतायत. पुढच्या वळणाला ट्रॉली दिसेनाशी होणार होती. पोरगी मुकाट बसून राहणार, तिकडे वाडीत कुणीतरी तिला आपलं म्हणून घरात नेणार, आणि ही तिथेही नाही म्हणणार नाही. मला तो कोरा पेपर दिसायला लागला.

आणि ट्रॉलीत कुणीतरी उभं राहिलं. फळीला एका हाताने धरून, दुसरा हात वर करून.

"ओ मामा! ट्रॅक्टरवाले मामा! थांबा!"

ट्रॅक्टर चालूच.

"थांबा म्हणते ना! मी काजल नाही! मी केतकी! के-त-की ज-य-वं-त ख-टा-व-क-र!"

ट्रॅक्टर थांबला. पारावरच्या गप्पा थांबल्या. मघाच्या त्या म्हशीनेही मान वर केली.

जयवंतरावांनी जाऊन तिला खाली उतरवलं. खरकट्या हातानेच. तिच्या पोलक्यावर रश्श्याचा पंजा उमटला. ती त्यांच्याकडे बघून एकदम हसली आणि म्हणाली, "बाबा, मी ओरडले." त्यांनी मान हलवली. त्यांना शब्द फुटत नव्हता. आमच्या घरात एकाने गप्प राहायचं असा नियमच असावा, त्या दिवशी पाळी बदलली.

सरपंच डोकं खाजवत आमच्यासमोर उभे राहिले. "म्हंजे तुमी तपासनीचं साहेब न्हाई?"

"नाही हो," मी म्हटलं. "सकाळपासून तेच तर सांगतायत. पोरीसाठी शाळा बघायला आलोय."

"आन माजं कोंबडं?"

"कोंबडं छान झालं होतं."

सरपंच क्षणभर रागावावं की हसावं ह्या विचारात पडले आणि मग जे हसले ते पारावर जाऊन बसेपर्यंत हसतच होते. पारूबाई मात्र माझ्यावर चिडली. "मगा कोपऱ्यावं हुबी हुतीस की तू! बोलायला काय झालं हुतं?" मी काय सांगणार तिला? कधी नव्हे ते पोरगी बोलत होती, म्हणून मी गप्प होते.

जयवंतराव रस्त्यावरचे कागद गोळा करत होते. काही ओढ्यात गेले होते. हातात राहिलेल्यांकडे त्यांनी पाहिलं, मग केतकीकडे, आणि म्हणाले, "उज्ज्वला, तक्ता साफ चुकलाय."

"मग? सोमवारी काय लिहिणार?"

"आंबवडे," ते म्हणाले. "तिन्ही रकान्यांत."

तेवढ्यात धापा टाकत संकपाळ गुरुजी येऊन पोहोचले. बगलेत हजेरीपट होताच. त्यांनी तो ट्रॉलीच्या फळीवर उघडला, खिशातलं पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि नवीन ओळीवर हात ठेवला.

"जूनला यायचंय तिला, आत्ताच काय लिहिताय?" मी म्हटलं.

"तुमचा विचार बदलला तर?" गुरुजी म्हणाले. "नाव काही विचारत नाही. ते सगळ्या खोऱ्याला कळलंय. जन्मतारीख सांगा."

मी तोंड उघडलं. जयवंतरावांनीही उघडलं. पण तारीख तिनेच सांगितली.